निळ्याचं काम अजून बाकी आहे



स. प. महाविद्यालयाच्या या स्नेहसंमेलनात मघापासून ज्या मोबाइलवर तुम्ही नाच टिपताय, त्यांतल्या अनेकांचा पडदा ओएलईडीचा आहे. त्यात उजेड देतात ती कार्बनी संयुगं. लाल आणि हिरवी दीर्घकाळ टिकतात, निळी मात्र लवकर थकतात. आज त्या निळ्याविषयीच बोलतो.

लाल फोटॉनची ऊर्जा साधारण 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, निळ्याची 2.7च्या आसपास. एवढी ऊर्जा रेणूत जरा जास्त वेळ रेंगाळली, की एखादा कमकुवत बंध तुटतो आणि तो रेणू कायमचा विझतो.

त्यात हा पडदा छापायचा म्हटलं, की अडचण वाढते. सध्या बहुतेक पडद्यांसाठी निर्वातात संयुगाची वाफ करतात आणि बरंच द्रव्य वाया जातं. इंकजेटचा थेंब हवा तिथेच पडतो, पण त्यासाठी संयुग विरघळायला हवं. हे चपटे, ताठ रेणू तर एकमेकांना चिकटून बसतात! म्हणून त्यांना लांब अल्किल साखळ्या जोडतात. निळा उजेड देणाऱ्या पॉलिफ्लुओरीनमध्ये त्या नवव्या कार्बनवर असतात. त्याच कार्बनवर ऑक्सिजननं हल्ला केला, की कीटोन तयार होतो आणि निळा उजेड हिरवट पडतो. शिवाय थेंब सुकताना चहाच्या डागासारखी कड जाड होते, आणि वरच्या थराचा द्रावक खालचा थर विरघळवतो.

नागपूर विद्यापीठात प्रा. संजय ढोबळे आणि सहकाऱ्यांनी डायफिनाइल क्विनोलीनच्या कुळातली निळी संयुगं बनवली, वेगवेगळ्या द्रावकांत त्यांचा प्रकाश तपासला. अमिनोबेन्झोफिनोन आणि अ‍ॅसिटोफिनोन घेऊन फ्रिडलेंडर अभिक्रियेनं हा सांगाडा तयार होतो. रसायनशास्त्राच्या मुलांनो, हे तुमच्या आवाक्यातलं आहे. कुठली साखळी कुठे जोडायची, हा प्रश्न आजही खुला आहे, आणि तो तुमच्यापैकी कुणीतरी हाती घ्यावा असं मला फार वाटतं.

हिवतापावरचं क्विनीनही क्विनोलीनच्याच घराण्यातलं. त्याच्या द्रावणाची निळी झळाळी जॉन हर्शेलनी 1845मध्ये नोंदवली. टॉनिक वॉटरमध्ये तेच क्विनीन असतं. एक बाटली आणि अतिनील दिवा मी सोबत आणलाय. बक्षीस समारंभ झाला, की विंगेतल्या अंधारात या, दाखवतो.