कुर्डुवाडी: गाडी बदलण्याचं गाव

सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला सगळे रेल्वेचं गाव म्हणतात. पण रेल्वे शेकडो गावांवरून गेली आणि त्यातली बरीचशी स्टेशनापुरतीच राहिली. कुर्डुवाडी वाढली ती गाडी आली म्हणून नव्हे, इथे गाडी बदलावी लागे म्हणून. मुंबई-मद्रास मोठी लाईन बार्शीची पेठ बाजूला टाकून गेली होती. ती जोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897च्या सुमारास बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. मोठ्या लाईनच्या रुळांत अंतर साडेपाच फूट, हिच्या रुळांत अडीच. इकडचा डबा तिकडे जाणार कसा? उतारू उतरायचे, पोती उतरायची आणि पुन्हा चढायची.

कॅलथ्रॉपच्या युक्तीवर मात्र जरा रेंगाळू द्या. इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असल्या की रूळ इंजिनाच्या वजनाचे घालावे लागतात आणि ती मजबुती वाघिणींखाली फुकट जाते. त्याने नियमच केला, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. इंजिनाचं वजन जोडलेल्या आठ चाकांवर आणि मागच्या चार लहान चाकांवर वाटलं, वाघिणी मात्र त्या मर्यादेपर्यंत ठासून भरल्या. रूळ हलके, खर्च कमी, माल भरपूर! पुढे पंढरपूर, लातूर, शेवटी मिरज अशी सव्वातीनशे किलोमीटरची लाईन झाली. करारमदारांत शिरत नाही. 1954 साली ती सरकारकडे आली, एवढं पुरे.

कुणी म्हणेल, गाव वाढलं ते या लाईनच्या इंजिन-दुरुस्तीच्या वर्कशॉपमुळे. खरंय, पण वर्कशॉप इथे का? अडीच फुटी इंजिन मोठ्या रुळांवरून स्वतःच्या चाकांनी मुंबईत परळच्या वर्कशॉपला दुरुस्तीला जाऊ शकत नव्हतं. म्हणजे पुन्हा तेच, रूळ जुळत नव्हते म्हणून. तालुका माढ्याचा, तरी पंचायत समितीचं कार्यालय कुर्डुवाडीत, तेही या जंक्शनमुळेच असावं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी, झाल्यावर लातूरकर थेट मुंबईला जातो, मग हळहळ कशाला? सोयीबद्दल वाद नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या वारकऱ्याला गाडी बदलायला कोण सांगेल? पण ज्या अडचणीवर गावाचं पोट चाललं, ती गेल्यावर तिच्याभोवतीचं कसबही चाललंय. पोती हलवणाऱ्यांची कामाची पद्धत, नॅरोगेजच्या सुट्या भागांचे नकाशे, फिटर लोकांचे आडाखे हे सगळं नगरपालिकेने आत्ताच नोंदवून घ्यावं. ते काम केलेली माणसं आता निवृत्त होत चालली आहेत.