शोधनिबंधांचा बाजार



शेतमालाचे भाव आणि कामगार कायदे बाजूला ठेवून प्राध्यापकांच्या घरगुती भानगडीत आपण का पडावे, असे आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल. माझे उत्तर साधे आहे. जेथे श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, तेथे समाजवाद्याने लक्ष घातलेच पाहिजे. मग ती गिरणी असो वा संशोधन-नियतकालिक.

हा धंदा कसा चालतो ते पाहा. संशोधनाचा खर्च बहुतांशी सरकार, म्हणजे करदाता, सोसतो. निबंध प्राध्यापक लिहितो. त्याला मोबदला नाही. तो तपासून देणारे जाणकारही सामान्यतः विनामूल्यच काम करतात. मग निबंधाचे हक्क प्रकाशकाच्या नावे लिहून दिले जातात, आणि तोच निबंध वाचण्यासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय जबर वर्गणी भरते! एका नियतकालिकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, म्हणून किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही. हे मर्म ओळखून पर्गमॉन प्रेस वाढविणारा रॉबर्ट मॅक्सवेल १९६४ ते १९७० या काळात ब्रिटिश मजूर पक्षाचा खासदार होता, हे आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये. १९९१ मध्ये त्याने पर्गमॉन एल्सेव्हियरला विकली. त्याच वर्षी तो वारला आणि मिरर वृत्तपत्रसमूहातील कामगारांच्या निवृत्तिवेतन-निधीतील कोट्यवधी पौंड त्याने वळविल्याचे उघड झाले.

खुद्द एल्सेव्हियरच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने २००० ते २००५ या काळात औषध कंपन्यांच्या पैशांवर सहा प्रकाशने काढली. रूप शास्त्रीय नियतकालिकाचे, मजकूर प्रचाराचा. २००९ मध्ये हे बाहेर आले. तेव्हा लबाडी केवळ गल्लीबोळातील प्रकाशकच करतात, असे मानण्याचे कारण नाही. वायली या नामांकित कंपनीने २०२१ मध्ये विकत घेतलेल्या हिंदावीच्या नियतकालिकांतील आठ हजारांहून अधिक निबंध एकट्या २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले.

आपल्याकडे या रोगाला सरकारी नियमानेच खतपाणी घातले. २०१० च्या नियमावलीने विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीची सांगड गुणांशी घातली. निबंध मोजले जाऊ लागले. वाचले जाईनासे झाले. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी दुकाने निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यतायादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने 'केअर' यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख संस्थांनी आपापली करावयाची आहे. यादी गेली, मोजणी राहिली.

या बाजारात गिऱ्हाईक कोण? तासिका तत्त्वावर राबणारा तरुण. सुट्टीत वेतन नाही, पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, आणि मुलाखतीला निबंधांची संख्या हवी. तो उसने पैसे काढून निबंध छापून घेतो. हे योग्य आहे असे मी म्हणणार नाही; पण विद्यार्थ्याच्या निबंधावर एक ओळही न लिहिता आपले नाव चढविणाऱ्या मार्गदर्शकाइतका तो दोषी नाही. ही वेठ आहे, आणि ती घेणाऱ्यांत आपल्या विचारांचे म्हणवणारेही आढळतात.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातील मुलाला तेरा हजारांच्या घरात नियतकालिके वाचता यावीत, याचा आनंदच आहे. परंतु रक्कम जाते ती प्रामुख्याने त्याच बड्या प्रकाशकांकडे, आणि संस्थेबाहेरच्या अभ्यासू कार्यकर्त्याला दार बंदच राहते. ब्राझीलने १९९७ पासून सार्वजनिक पैशांवर 'सायलो' उभारून नियतकालिके सर्वांना खुली केली. ६,००० कोटींचा लहानसा हिस्सा जरी येथील विद्यापीठांच्या आणि मराठीतील नियतकालिकांवर खर्च झाला असता, तर?

प्राध्यापक संघटनांनी एवढी एक मागणी तरी लावून धरावी : निवड समितीने उमेदवाराचे निबंध मोजू नयेत, त्याने स्वतः निवडलेले दोन निबंध पूर्ण वाचून त्यांवर त्याला प्रश्न विचारावेत. समितीला यासाठी दोन दिवस अधिक लागतील. त्याचा भत्ता विद्यापीठाने खुशाल द्यावा.