थंडी आणि दारची मुकी जनावरे
मंडळी, पौषात आपल्या निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. आपण गोधडी ओढून घेतो. दारचे कुत्रे, मांजर कुठं जाणार?

एकदा पहाटे आम्ही घरचा ट्रॅक्टर सुरू केला. वारा चुकवायला मांजर आत शिरले होते. ते पंख्यात सापडून मेले. चूक आमचीच. आता आम्ही आधी पत्र्यावर दोन थापा मारतो, मगच चावी फिरवतो.

आणखी एक करा. जुने लाकडी खोके आडवे ठेवा. खाली विटा द्या. तोंड वाऱ्याकडे नको. आत गव्हाचे कोरडे काड भरा. पोते घालू नका बरं का! ते दव पिते, आणि ओले पोते अंगातली ऊब काढून घेते.

याला पैसा लागत नाही. आज दिवेलागणीपूर्वी एवढे कराच.