खातो, पण काम करतो – हे कुठवर चालवून घ्यायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी कोन, ता. पनवेल येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हांला 'लोकप्रतिनिधी आणि नियम' या विषयावर बोलायला सांगितले आहे. आम्ही काही वकील नाही की प्राध्यापक नाही. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा ब्याऐंशीचा संप होऊन गेला होता. जे काही शिकलो ते पाळीतून सुटल्यावर वाचनालयात बसून शिकलो. तेव्हा भाषा साधी राहील, ती गोड मानून घ्यावी.

आपल्याकडे चहाच्या टपरीवर एक वाक्य रोज ऐकू येते : "खातो, पण काम करतो ना!" हे ज्याच्याबद्दल बोलले जाते, त्याला आपण एक प्रकारे सूट देतो. नियम तुझ्यासाठी नाही, तू फक्त रस्ता कर, नळ आण, बाकी आम्ही बघत नाही. आज आम्हांला या वाक्याचाच समाचार घ्यायचा आहे.

उदाहरण लांबचे नको, आपल्याच जिल्ह्याचे घेऊ. बॅरिस्टर अ. र. अंतुले हे आपल्या रायगडचे, आंबेतचे. १९८० च्या जूनमध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळाले. निराधार म्हाताऱ्यांना, विधवांना महिन्याला आधार देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. आजही आपल्या वस्तीतल्या कित्येक म्हाताऱ्या त्या योजनेचे पैसे घेतात. म्हणजे माणूस कामाचा होता, हे कोणी नाकारू नये. आम्हीही नाकारत नाही.

पण त्याच काळात सिमेंट हे कंट्रोलचे होते, बरं का. आजच्यासारखे दुकानात जाऊन गोणी आणता येत नव्हती. परमिट लागे. गोरगरिबाला घराची भिंत सारवायला चार गोण्या मिळायच्या नाहीत. अशा वेळी मुख्यमंत्र्यांनी काही ट्रस्ट काढले, त्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानचे नाव गाजले. उद्देश काय? तर कलावंतांना, प्रतिभावंतांना मदत. उद्देशाला कोण नावे ठेवील? १९८१ च्या ऑगस्टअखेर अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये प्रकरण बाहेर काढले. आमदार प्रा. प. बा. सामंत वगैरे मंडळी हायकोर्टात गेली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की, बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता. मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला. भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार लढवली. १९८८ साली सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, खटला हायकोर्टाकडे वर्ग करण्यातच चूक झाली असे बहुमताने ठरवले. शेवटी अंतुल्यांना शिक्षा झाली नाही. ते पुन्हा खासदार झाले, केंद्रात मंत्रीही झाले. हे सर्व सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही अर्धे सांगितले असे होईल.

आता यातून शिकायचे काय? देणगी चोरून घेतलेली नव्हती. ट्रस्टच्या नावाने होती, कागदावर होती, कारणही चांगले होते. तरी कोर्टाने विचारले, सिमेंट कोणाला दिले, आणि त्यानेच देणगी का दिली? काम चांगले म्हणून वाट चांगली ठरत नाही. ज्या वस्तूवर सगळ्यांचा हक्क, ती वाटायचा अधिकार तुमच्या हातात लोकांनी दिला. त्या अधिकाराची किंमत तुम्ही वसूल केली, मग ती खिशात टाकली काय नि ट्रस्टमध्ये टाकली काय, ज्याचे सिमेंट गेले त्याची भिंत उघडीच राहिली.

दुसरी गोष्ट तर आपल्या पनवेलची, अगदी उंबरठ्यावरची. कर्नाळा नागरी सहकारी बँक. शेतकरी कामगार पक्षाचे माजी आमदार विवेकानंद पाटील हे तिचे सर्वेसर्वा. तपास यंत्रणांचे म्हणणे असे की, खोट्या कर्जखात्यांतून पाचशे कोटींच्या वर रक्कम फिरवली गेली आणि ती त्यांच्याच संस्थांकडे वळली. जून २०२१ मध्ये ईडीने त्यांना अटक केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. पण बँक बुडाली ही तर उघड गोष्ट आहे. पैसे कोणाचे होते? जमिनीचा मोबदला आलेल्या शेतकऱ्याचे, पेन्शनीत निघालेल्या मास्तरांचे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. विम्याने पाच लाखांपर्यंत हमी दिली. त्यावरच्या रकमेसाठी लोकांना चपला झिजवाव्या लागल्या. आणि एवढ्या ठेवी तिथे जमल्या कशा? तर "साहेबांची बँक आहे" म्हणून. माणसाच्या नावावर विश्वास ठेवला, ताळेबंद कोणी पाहिला नाही.

आता कोणी म्हणेल, कायदे आहेत की! आहेत. पण कायद्याची भोकेही पाहा. १९९३ साली केंद्र सरकार वाचवण्यासाठी काही खासदारांनी पैसे घेतले असे प्रकरण झाले. १९९८ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, ज्यांनी पैसे घेऊन सभागृहात मत दिले त्यांना संरक्षण आहे. आणि ज्याने पैसे घेतले पण मत दिले नाही, तो अडकला! म्हणजे लाच खाऊन इमानाने वागला तो सुटला. हे भोक बुजायला मार्च २०२४ उजाडले. सात न्यायमूर्तींनी सांगितले की, लाच घेणाऱ्याला सभागृहाची ढाल नाही.

तसेच दोन वर्षे वा जास्त शिक्षा झाली तर आमदारकी जाते, हा नियम जुनाच. पण अपील केले की खुर्ची शाबूत, अशी सवलत कायद्यातच होती. ती सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये काढून टाकली. त्यामुळेच डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा होताच सावनेरचे आमदार सुनील केदार यांची आमदारकी लगेच गेली. त्यांनी वर दाद मागितली, तो त्यांचा हक्क आहे. पण हिशेब मांडा : व्यवहार २००२ च्या सुमाराचा, शिक्षा २०२३ ची. वीस वर्षांत माणूस किती निवडणुका लढतो?

आणि आम्हां गिरणीवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. नियम मोडावाच लागतो असे नाही, नियम बदलताही येतो. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा वाटा मैदानांना आणि घरांना ठेवला होता. २००१ साली त्यात फेर झाला, आणि वाटा संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मोकळ्या जमिनीवर धरला गेला. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेडच शेड! २००६ साली सुप्रीम कोर्टाने तो बदल कायदेशीर ठरवला. कायदेशीर आहे, मान्य. पण ज्या दिवशी तो बदल झाला त्या दिवशी किती कामगारांनी आपल्या आमदाराला विचारले, "साहेब, हा शब्द कोणासाठी घातला?" म्हणून केवळ तुरुंगात कोण गेला हे पाहून भागत नाही, नियम कोण लिहितो त्यावरही नजर पाहिजे.

बंधूंनो, आता आपल्या घरात येऊ. हा भाग कडू आहे. राखीव जागेवर आपला माणूस निवडून येतो. खुर्ची त्याची, पण शिक्का दुसऱ्याच्या खिशात. बाई सरपंच असतात, सही त्यांची, आणि सभेत बोलतो नवरा. आणि आपल्याच सदस्याने सरकारी जागेत शेड ठोकली, तर वस्ती म्हणते, "जाऊ द्या, आपला आहे." दुसऱ्याने केले तर भ्रष्टाचार, आपल्याने केले तर समाजाची अब्रू! ग्रामपंचायत कायदा मात्र आपला-परका ओळखत नाही. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याचे सदस्यत्व जाते, आणि घरच्यांच्या अतिक्रमणाचा फायदा घेणाराही सुटत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितले आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जो इशारा दिला तो याच रोगाबद्दल होता. धर्मात भक्ती चालेल, राजकारणात ती चालू दिली तर शेवट हुकूमशाहीत होतो, असा त्याचा आशय. त्याच भाषणात त्यांनी भिक्षुसंघाची आठवण दिली होती. ठराव कसा मांडायचा, किती हजर पाहिजेत, मते कशी मोजायची, हे सारे नियम संघात होते. म्हणजे नियम ही साहेबांच्या कोर्टातून आलेली परकी वस्तू नाही, तो आपला वारसा आहे. तिथे थोरामोठ्यालाही नियमातून सूट नव्हती.

तेव्हा करायचे काय? मोर्चे तर काढूच, पण त्याआधी साध्या गोष्टी.

पहिली : ग्रामसभेला जायचे. वर्षाला किमान चार होतात. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांपैकी कमी असेल तेवढे हजर पाहिजेत. घरी बसलो तर सभा कागदावर भरते. महिलांची सभा वेगळी होते, तिथे भगिनींनी नवऱ्याला घरी ठेवून जावे.

दुसरी : दहा रुपयांत माहितीचा अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही दहा रुपये लागत नाहीत. गटाराचे अंदाजपत्रक किती, बिल किती, ठेकेदार कोण, हे विचारायला डिग्री लागत नाही.

तिसरी, आणि ही विहारापुरती. निवडणूक जवळ आली की विहाराला लाद्या येतात, पंखे येतात, कमान येते. खासदाराचा, आमदाराचा निधी हा त्यांच्या घरचा नाही, तो आपल्याच कराचा आहे. तो हक्काने मागावा, अर्ज करून मागावा, पावती घ्यावी. खासदार निधीतले पंधरा टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी खर्च करावेत असा दंडक आहे. त्यासाठी कोणाचे पाय धरायची गरज नाही. पण खिशातून दिलेली, मताच्या बदल्यातली देणगी विहाराने घेऊ नये. असा ठराव कमिटीने करावा आणि फलकावर लावावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. पंखा उशिरा लागला तरी चालेल. त्या पंख्याखाली बसून आपल्याला प्रश्न विचारता आला पाहिजे.

जो काम करतो त्याला शाबासकी द्या, मतही द्या. पण कामाबरोबर हिशेबही मागा.