कासवाची पाठ

श्रोतेहो, नेवाशाला मोहिनीने अमृत वाटले आणि पंक्तीत शिरलेल्या राहूचे मस्तक राहुरीला पडले, असे आपले प्रवराकाठचे लोक सांगतात. त्या मंथनात मंदार पर्वत तोलला कासवाने. उत्तर अमेरिकेतील इरोक्वॉय लोकांची सृष्टिकथा आम्ही वाचली, तिथेही कासवच! आभाळातून पडणारी गरोदर स्त्री पक्ष्यांनी पंखांवर झेलली, पाणउंदराने तळाची माती आणली, ती कासवाच्या पाठीवर पसरून भूमी झाली.

आम्हां कामगार चळवळीतल्यांना टोचते ते निराळेच. वासुकीच्या तोंडाकडे असुर होते; विषारी फुत्कार त्यांनी सोसले, अमृत मात्र देवांच्या पानात. इरोक्वॉयांच्या कथेत कोणाला पंक्तीतून उठवीत नाहीत. पण काही पाठांत तो पाणउंदीर वर येतो तो मेलेलाच, मुठीत माती धरून.