वस्तू टिकत का नाहीत?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलायचं सोडून हा माणूस मिक्सर-पंख्यावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण समितीच्या जमाखर्चाची वही मी पाहिली आहे. वर्षभरात आपल्या वर्गणीतून पुस्तकांवर जेवढा पैसा गेला, त्याच्यापेक्षा जास्त पैसा पंखे, पाण्याची मोटर आणि माईकचा अँप्लिफायर दुरुस्त करण्यात आणि पुन्हा नवे घेण्यात गेला. विहाराची ही गत, तर घराघरांत काय चाललं असेल? म्हणून हा विषय घेतला.

भन्ते आपल्याला सांगतात की सगळं अनित्य आहे. मान्य. पण वॉरंटी संपली की तिसऱ्या महिन्यात बंद पडणाऱ्या मशीनला अनित्यतेच्या नावावर सोडून देऊ नका. तिथं कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केलेला असतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रं घेऊन हा श्रमण काय दुकान मांडणार आहे काय? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गाद्यांची खोळ. जुन्या खोळींचं? जमिनीवरची बैठक. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकी फाटली की ती कुटून चिखलात कालवून त्यानं जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. बघा, अनित्यता सांगणाऱ्या भगवंतांचा संघ कापडाच्या चिंधीचासुद्धा असा हिशेब ठेवत होता.

आमच्या आया-आज्यांनी तेच केलं. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं. ते गरिबीमुळं होतं हे खरं. पण त्याला अक्कल लागत होती, हेही तितकंच खरं.

आता काही मंडळी म्हणतात, मग जुनंच बरं होतं, पाटा-वरवंटा काढा. ते मला अजिबात पटत नाही. पाट्यावर कोण वाटत होतं? आपली बाईच ना! धाटावची पहिली पाळी असली की घरातली बाई चारला उठायची. बाबासाहेबांनी 1945 साली काँग्रेस आणि गांधींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं, त्याला वाचायला-विचार करायला फुरसत द्यायची, तर यंत्र पाहिजेच, असा त्यांचा मुद्दा. आणि यंत्रापासून जे वाईट होतं त्याचा दोष यंत्राचा नाही, खासगी मालकी आणि नफा यांना देव मानणाऱ्या व्यवस्थेचा आहे, असंही ते सांगतात. 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना देशाच्या विजेच्या धोरणाची पायाभरणीही त्यांच्या हातून झाली. तेव्हा मिक्सरला नावं ठेवू नका. तो लवकर का मरतो ते विचारा.

मी गिरणी कामगार. मुंबईच्या गिरण्यांत इंग्लंडमधल्या ओल्डहॅमची, प्लॅट ब्रदर्सची यंत्रं होती. कामगारांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या त्याच यंत्रांवर राबल्या. ती यंत्रं काही जादूची नव्हती. जाड बीड, नटबोल्टनं खोलता येणारा प्रत्येक भाग, रोज तेल घालणारा माणूस आणि सुटा भाग झिजला तर तसाच दुसरा घडवणारा फिटर. एवढ्यावर ती चालली. कापड गिरण्या बुडाल्या त्या यंत्रं जुनी झाली म्हणून, असं मालक सांगत आले. जमिनीच्या भावाचं मात्र कोणी बोलत नव्हतं. असो, तो वेगळा विषय आहे.

आता घरातला मिक्सर उलटा करून बघा. स्क्रू कुठं आहेत? काही कंपन्या असे स्क्रू घालतात की आपला पाना लागतच नाही. आतली वायंडिंग तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची. जिथं बेअरिंग पाहिजे तिथं साधा बुश. इस्त्रीचंही तेच. पूर्वीच्या जड इस्त्रीची कॉइल गेली की नवी टाकून परत वीस वर्षं. आता तळव्यातच कॉइल ओतून बंद केलेली असते, गेली की अख्खी इस्त्री भंगारात.

आपल्या देशात चांगलं करता येत नव्हतं असंही नाही. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथूर नावाच्या इंजिनिअरच्या पत्नीचा परदेशी मिक्सर बंद पडला. आपली हळकुंडं, भिजवलेली डाळ, खोबरं वाटायला तो बनलेलाच नव्हता. मग त्यांनी मुंबईत आपल्या स्वयंपाकाला पेलेल अशी मोटर लावून सुमीत मिक्सर बाजारात आणला. तो काही घरांत अजून फिरतो आहे. पुढे ती कंपनी मागं पडली, पण यंत्र कोणासाठी बनवायचं ते आधी ठरवलं की ते टिकतं, हे तिनं दाखवून दिलं.

याच्या उलट गोष्ट बल्बची. 1924 साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या. फीबस नावाचा त्यांचा गट. त्यांनी ठरवलं की बल्ब एक हजार तासांपेक्षा जास्त जळता कामा नये. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत होते. कोणाचा बल्ब जास्त टिकला तर त्या कंपनीला गटाकडून दंड! दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे चाललं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून परत वाचलं. चांगला माल केला म्हणून दंड.

आज एलईडी आला. 2015 साली सरकारची उजाला योजना आली, बल्ब स्वस्त झाले, वीज वाचली, हे चांगलंच झालं. पण खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेलं असतं आणि बल्ब दिवाळी ते दिवाळी टिकत नाही. आतला दिवा क्वचितच जातो. जातो तो त्याच्या मागचा ड्रायव्हर, कारण स्वस्तातला कपॅसिटर उष्णतेनं सुकतो. त्यात आपल्याकडं पावसाळ्यात वीज दहा वेळा जाते आणि येताना झटका देऊन येते.

यात भरडला कोण जातो? ज्याच्याकडं रोख पैसा आहे तो एकदाच महाग आणि चांगलं घेतो. आपण स्वस्त घेतो आणि तीनदा घेतो. माझ्याच घरची गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. मंडळींनी बचत गटाचं कर्ज काढून वॉशिंग मशीन घेतलं. जाहिरातीत ठळक अक्षरात दहा वर्षं वॉरंटी. तिसऱ्या वर्षी मशीन बंद. मेकॅनिक म्हणाला, काका, दहा वर्षं फक्त मोटरची, सर्किट बोर्डाची दोनच. बोर्डाची किंमत नव्या मशीनच्या निम्मी. गटाचे दोन हप्ते अजून बाकी होते. मशीन पडवीत बंद आणि हप्ता चालू. असे किती हप्ते या सभागृहात बसलेत, हात वर करायला सांगत नाही. पण तोच पैसा मुलीच्या फीचा असतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कायदा आपल्या बाजूला थोडाफार आहे, पण तो वापरावा लागतो. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का घ्या, मेकॅनिक आला की त्याच्याकडून जॉबशीट लिहून घ्या. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथं भागलं नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारनं 2022 साली समिती नेमली, पोर्टलही काढलं. फ्रान्समध्ये 2021 पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडं दुकानात विचारायची सवय आपणच लावली पाहिजे. बोर्ड वेगळा मिळतो का? किती वर्षं मिळेल? कितीला? दुकानदार चिडला तर चिडू द्या.

आता कामाचं बोलतो. समितीपुढं मी मांडलं आहे की दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर दोन तास विहाराच्या ओट्यावर दुरुस्तीचं टेबल लावायचं. आयटीआय केलेली आपली मुलं आहेत, त्यांचा हात बसेल. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन मी आणतो. पंखा हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा पन्नासेक रुपयांचा कपॅसिटर असतो. मिक्सरचा आवाज येतो पण भांडं फिरत नाही, तर खालचा कपलर झिजलेला असतो. मिक्सर एकदम गप्प झाला तर आधी थंड होऊ द्या, खाली लाल बटण असतं ते दाबा, मग कार्बन बघा. एवढ्यासाठी मशीन भंगारवाल्याला देऊ नका. भगिनींनी पण या टेबलावर बसायचं, नुसती वस्तू ठेवून जायचं नाही. वापरणाऱ्या हातानं खोलायला शिकलं पाहिजे. आणि टेबलावर मोबाईलचे चार्जर आणू नका, ते मला जमत नाहीत. कोणा मुलाला जमत असतील तर त्यानं नाव द्यावं.

सुरुवात विहाराच्या अँप्लिफायरनं करू. तो आतल्या कपाटात बंद पडून आहे, आज जो वाजतोय तो भाड्याचा आहे. येत्या पौर्णिमेला तो उघडतो.

जयभीम! नमो बुद्धाय!