सुटींतला अबोल मुलगा



उन्हाळ्याची सुटी लागली, कीं कॉलेजांतला मुलगा घरीं येतो. पाहुणे विचारतात, "पेपर कसे गेले?" तो "बरे" म्हणून माडीवर निघून जातो, आणि आपण त्याला घुम्या ठरवितों. शिक्षकाच्या पेशांत अशीं मुलें पुष्कळ पाहिलीं. आशा त्यांनाही असतात. पण विचारतो कोण?

एक उदाहरण सांगतों. १८८८ सालीं मोहनदास गांधी भावनगरच्या सामळदास कॉलेजांत पहिल्याच सत्रांत गोंधळून गेले व राजकोटास परतले. स्वभाव कमालीचा लाजाळू. त्या सुटींत घरोब्याचे मावजी दवे आले. वडीलधाऱ्यांशीं बोलून झाल्यावर ते थेट मुलाकडे वळले : इथें शिकतोस, कीं विलायतेस जातोस? त्या एका प्रश्नानें कोंडलेलें मन मोकळें झालें. डॉक्टरीची इच्छाही तो बोलून गेला. वैष्णवानें प्रेतास हात लावूं नये, म्हणून वडील बंधूंनीं ती नाकारली, बॅरिस्टरीचें ठरलें. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं तो मुंबईहून निघाला.

लाजाळूपणा पुढेंही कित्येक वर्षें टिकला. प्रश्नानें स्वभाव पालटत नाहीं. वाट मात्र उघडते. तेव्हां गुणांची चौकशी राहूं द्या. "तुला काय करावेंसें वाटतें?" एवढें विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दम धरा.